मधोमध आणलेला सूर्य

मित्रांनो, मी एक जुना झेंडा आहे. झेंडा म्हटले की तुमची मान आपोआप वर जाते, पण मला बघायचे तर वर बघू नका. दातांच्या एका डॉक्टरांच्या घरात, आतल्या खोलीत, औषधांच्या कपाटाशेजारी एक काचेची फ्रेम टांगलेली आहे. तिच्यात इस्त्री करून, ताणून बसवलेला जो आहे, तो मी. पांढरे अंग, त्यावर लाल सूर्य आणि सूर्यातून निघणारे सोळा लाल पट्टे. मी जपानच्या आरमाराचा. निदान जन्माने तरी. हल्ली बघणाऱ्यांना ते पटत नाही, आणि पटवून द्यायला मला तोंड नाही. मुलांना वस्तूंचे बोलणे ऐकू येते असे म्हणतात, म्हणून तुम्हाला सांगतो. मोठ्यांचा अनुभव मी घेतलेला आहे.

माझा जन्म गोदीजवळच्या एका लांबलचक खोलीत झाला. तिथे बायका ओळीने बसून झेंडे शिवत. माझे कापड लोकरीचे, विरळ विणीचे, वारा आरपार जावा असे. पट्टे छापलेले नव्हेत बरे का. एकेक पट्टा कापून, कडा दुमडून शिवलेला. दोराकडच्या बाजूला जाड कापडाची पट्टी होती. तिच्यावर नांगराचा छोटा शिक्का बसला आणि बोटीचे नाव ब्रशने लिहिले गेले.

त्या खोलीची मुख्य शिवणकरीण तोंडाची फटकळ होती. कामावर नवीन आलेल्या एका पोरीने मला टेबलावर पसरले आणि ती घाबरून म्हणाली, "बाई, माझं चुकलं वाटतं. सूर्य एका बाजूला गेलाय."

"चुकलं नाही. तो तिथंच असतो. लष्कराच्या झेंड्यावर मधोमध, आपल्या बोटींच्या झेंड्यावर दोराकडे सरकलेला."

"पण वाकडं दिसतंय."

"वारा सुटला की लांबचं टोक फडफडतं, आखडतं. मग बघणाऱ्याला सूर्य बरोबर मध्ये दिसतो. तुला हा टेबलावर बघायचाय की वाऱ्यावर?"

पोरीने मला वळवून पुढची कड शिवायला घेतली. एवढे तुम्ही लक्षात ठेवा, कारण माझ्या पुढच्या सगळ्या हालांचे मूळ इथे आहे.

मी गेलो एका लहान बोटीवर. समुद्रात पेरलेले पाणसुरुंग वेचण्याचे तिचे काम. माझे भाऊ मोठमोठ्या लढाऊ जहाजांवर फडकले. ते जिथे जिथे गेले तिथल्या लोकांनी जे भोगले, त्यामुळे आजही आम्हाला बघून पुष्कळांच्या अंगावर काटा येतो, आणि तो उगाच येत नाही. आम्हाला कोणी विचारून वर चढवले नव्हते हे खरे. पण ज्यांची घरे गेली त्यांना हे सांगून काय उपयोग?

आमच्या बोटीवर निशाणे सांभाळणारा एक खलाशी होता. झेंड्याचे लांबचे टोक नेहमी आधी झिजते, कारण वाऱ्याचा सगळा मार ते खाते. माझेही टोक विरले, धागे सुटू लागले. त्याच्याजवळचा पांढरा दोरा संपला होता. मग त्याने स्वतःच्या डब्यातला निळा दोरा काढला, आणि मला मांडीवर घेऊन तो टाके घालू लागला. तो कोळ्याच्या घरातला. जाळी दुरुस्त करण्याचा जो टाका आईने त्याला शिकवला होता तोच त्याने मला घातला. प्रत्येक टाका तिरका, आणि प्रत्येक टाक्यानंतर एक बारीक गाठ. शिवताना तो माझ्याशी बोलायचा.

"हलू नकोस रे. तुझ्यापेक्षा माझी पोरगी गप राहते."

पोरगी अजून रांगतही नव्हती. निघण्याआधी त्याने तिच्या थंडीच्या बंडीला असेच टाके घातले होते, तिला ती अंगात घालता यायला अजून वर्ष जायचे होते तरी. एका हिवाळ्यात त्याला ताप भरला. त्याला झोळीत घालून किनाऱ्यावर उतरवले. मी वरून बघत होतो. तो परत आला नाही, आणि झेंड्याला कोणी बातमी सांगत नाही.

लढाई संपली. जिंकलेल्या बाजूच्या एका नाविकाने आठवण म्हणून मला घडी करून पिशवीत कोंबले. तिथून पुढची वर्षे कशी गेली ते सांगण्यासारखे नाही, कारण ती अंधारात गेली. एक ट्रंक, मग दुसरी ट्रंक, मग कुणाचे तरी घर रिकामे करताना बाहेर काढलेला ढीग. शेवटी मी जुन्या बाजारात पडद्यांच्या गठ्ठ्यात आलो. विक्रेता लोकांना सांगायचा, "सर्कशीचा असेल. नाहीतर आइस्क्रीमवाल्याचा."

तिथे मला दातांच्या डॉक्टरांनी पाहिले.

डॉक्टरांना जुन्या जपानी आरमारी झेंड्यांचे वेड होते. का, ते त्यांनाही सांगता येत नसे. घरी आणून त्यांनी मला टेबलावर पसरले ते पालथे. ही त्यांची रीत होती. आधी पाठ, मग तोंड.

"तोंड काय, सगळेच धुऊन येतात माझ्याकडे," ते मला म्हणाले. "खरं काय ते मागच्या दाढेत असतं."

दवाखान्यातला छोटा आरसा घेऊन त्यांनी माझ्या शिवणी आतून पाहिल्या. सुटलेला एक धागा जाळून हुंगला. जळक्या केसांचा वास आला म्हणजे लोकर. चहात बुडवून म्हातारे केलेले नकली झेंडे बाजारात पुष्कळ येतात, म्हणून त्यांनी माझा कोपराही हुंगला. मग शिक्का पाहिला, बोटीचे नाव पाहिले, आणि सूर्यापासून दोन्ही कडांपर्यंतचे अंतर मोजून मोठ्याने हसले. माणसाच्या हाताला माझ्या अंगाची इतकी खात्री वाटते आहे, हे मला त्या खलाशानंतर पहिल्यांदाच जाणवले. मला रडू आले असते, पण ओल्या झेंड्याला बुरशी येते.

डॉक्टरांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. मनाने फार चांगली, पण या वेडाने ती कातावलेली होती. "घरात धड चादर नाही, आणि झेंडे कपाटभर," असे ती आल्यागेल्याला सांगायची. डॉक्टर जेवताना झेंड्यांवर बोलायचे आणि ती "हं" म्हणत आमटी वाढायची. इतक्या वर्षांत ते "हं" इतके गुळगुळीत झाले होते की त्याच्या आत काही शिरत नसे.

माझ्या बोटीच्या नावाचा माग काढत डॉक्टर परदेशातल्या एका संग्राहकापर्यंत पोचले, आणि त्याच्यामार्फत त्या बोटीवरच्या खलाशांच्या नातेवाइकांपर्यंत. एक दिवस फोन आला. पलीकडे एक वयस्कर बाई होती, आणि तिचे बोलणे तिचा मराठी शिकलेला भाचा समजावून सांगत होता. तिने एकच प्रश्न विचारला. झेंड्याच्या लांबच्या कडेला निळ्या दोऱ्याचे, गाठी मारलेले टाके आहेत का?

"आहेत," डॉक्टर म्हणाले. "फोटो पाठवतो."

फोटो नको, असे उत्तर आले. वडिलांनी झेंड्याला तसे टाके घातल्याचे त्यांच्याबरोबरच्या एका खलाशाने तिच्या आईला सांगितले होते. तिच्या वडिलांच्या हातचे तिच्याजवळ फक्त एक लहानपणची बंडी होती. वडिलांचा फोटो नव्हता, थडगे कुठे आहे तेही माहीत नव्हते. ती स्वतः येणार होती. तिला ते टाके बोटाने चाचपून बघायचे होते.

मित्रांनो, ती रांगती न झालेली पोर अजून या जगात आहे आणि माझ्याकडे यायला निघाली आहे, हे ऐकून माझा धागा न् धागा ताठ झाला.

त्या रात्री जेवताना डॉक्टरांनी सगळे सांगितले. टाक्यांचे, बंडीचे, सगळे. "आली की झेंडा तिलाच देऊन टाकायचा," ते म्हणाले.

"हं," वहिनी म्हणाली. तिच्या कानात एवढेच शिरले की पाहुणी येणार आहे आणि झेंडा तिला द्यायचा आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दवाखान्यात एकाची दाढ भरत असताना डॉक्टरांचा हात मध्येच थांबला. ते खाली बसले ते उठलेच नाहीत. घरी आणले तेव्हा उजवे अंग गेलेले आणि बोलणे गेलेले. पाटी-पेन्सिल देऊन पाहिली, पण डोक्यातून शब्दच पुसले गेले होते. डाव्या हाताने नुसत्या रेघा निघत. समोरच्याचे सगळे कळायचे, सांगता काहीच यायचे नाही. माझ्या जातीत एक माणूस आला म्हणा ना.

वहिनीने कंबर कसली. पथ्य, औषधे, अंग पुसणे, सगळे एकटीने. पाहुणीचे येणे ठरलेले होते, आणि ते रद्द करायला तिचे मन घेईना. नवऱ्याची इच्छा होती, ती पुरी करायची. आणि द्यायचेच तर नीट द्यायचे. तिने मला कपाटातून काढले आणि फ्रेमवाल्याकडे नेले.

फ्रेमवाला कामाला चोख माणूस. त्याच्या दुकानात भुशाचा आणि सरसाचा वास भरलेला असे, आणि भिंतीवर एकही फ्रेम तिरकी नसे. त्याने मला पसरले आणि तोंड वाकडे केले.

"वहिनी, हा सूर्य बाजूला गेलाय."

"शिवणाऱ्याचं चुकलं असेल."

"आणि ही कड बघा, पार विरलीय. वर कोणीतरी निळ्या दोऱ्यानं गाठी मारून ठेवल्यात. रंगाचा दोरासुद्धा मिळाला नाही बिचाऱ्याला."

वहिनी ओशाळली. परदेशातून येणाऱ्या पाहुणीच्या हातात ठिगळ कसे ठेवायचे? तिने हात लावून पाहिले आणि म्हणाली, "ही कड काढूनच टाकली तर?"

फ्रेमवाल्याने पट्टी लावली. त्याचा चेहरा उजळला. "दोराकडचं मळकं आत दुमडतो, आणि इकडचं वीतभर काढतो. मग सूर्य बरोबर मधोमध येतो बघा. जसा पाहिजे तसा."

"मग काढा."

मी ओरडलो, मित्रांनो. जितके ओरडता येईल तितके ओरडलो. कापडाचे ओरडणे म्हणजे कात्री चालताना होणारा आवाज, तेवढाच त्यांना ऐकू आला. खलाशाचे टाके माझ्यापासून वेगळे होऊन टेबलावर पडले. पुढे काय झाले ते मात्र नीट ऐका. पाठीमागे लावायचा पुठ्ठा जरा पातळ निघाला. मागे पोकळी राहिली की कापड लोंबते, म्हणून फ्रेमवाल्याने हाताशी असलेला तोच कापलेला तुकडा घडी करून माझ्या आणि पुठ्ठ्याच्या मध्ये सारला. वर कागदाची पट्टी चिकटवली आणि पुढच्या कामाला लागला. दिवसभरात अशा किती चिंध्या तो किती फ्रेमांत सारतो. त्याला त्याची आठवण राहण्याचे काही कारणच नव्हते.

टाके कुठेही गेले नव्हते. माझ्या पाठीला चिकटून होते. एकेक गाठ मला टोचत होती.

वहिनीने फ्रेम डॉक्टरांच्या पलंगासमोर टांगली. "बघा, कसा झालाय. तुमचा सूर्यसुद्धा सरळ करून आणला."

डॉक्टरांनी बघितले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. वहिनीने पदराने ते पुसले, आणि तिचेही डोळे भरले. "आवडलं ना? मला ठाऊकच होतं."

मग डॉक्टरांनी डावा हात उचलला आणि तळहात उलटा केला. पुन्हा सुलटा, पुन्हा उलटा. डोळे माझ्यावर. मला लगेच कळले. आधी पाठ, मग तोंड. आत काय आहे हे त्यांना माहीत नव्हते, पण कोणताही झेंडा समोर आला की तो पालथा करून बघायचा ही आयुष्यभराची सवय त्या एका हातात उरली होती.

"कूस बदलायचीय होय?" वहिनी म्हणाली. तिने त्यांच्या पाठीखाली हात घातला आणि प्रेमाने, हळूच, त्यांना भिंतीकडे वळवले. आता त्यांना मी दिसतही नव्हतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांनी तळहात उलटा केला की वहिनी त्यांनाच उलटे करी.

मग ती आली. केस पांढरे, चाल सावकाश, बरोबर भाचा. चपला काढून ती आत आली, डॉक्टरांसमोर वाकली आणि खुर्चीवर बसून पिशवीतून एक बंडी काढली. बाहुलीला येईल एवढीशी. खांद्यावर निळे टाके, आणि प्रत्येक टाक्यानंतर गाठ. मी ते ओळखले. घरचे माणूस ओळखावे तसे ओळखले.

वहिनीने फ्रेम उतरवून तिच्या मांडीवर ठेवली. "यांनी तुमच्यासाठीच ठेवला होता. जरा नीटनेटका करून घेतला, एवढंच."

बाईने काचेवरून बोट फिरवले. उजव्या कडेला आली, वरून खाली गेली, खालून वर आली. मग दुसऱ्या कडेला. तिने भाच्याला काहीतरी विचारले.

"मावशी विचारते," भाचा अवघडून म्हणाला, "टाके कुठे आहेत?"

वहिनीने बंडीकडे पाहिले. तिच्या खांद्यावरच्या निळ्या गाठींकडे पाहिले. आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्या रात्रीचे डॉक्टरांचे सगळे बोलणे आता, इतक्या उशिरा, तिच्या कानात शिरत होते.

"मी कापायला सांगितलं," ती म्हणाली. "फाटकं वाटलं मला. मीच सांगितलं."

भाचा क्षणभर घुटमळला, मग त्याने ते मावशीला सांगितले. वहिनीने फ्रेमवाल्याला फोन लावला. त्याचा आवाज मला इथवर आला. "तेव्हाच्या चिंध्या आता कुठून राहणार, वहिनी? केव्हाच कचऱ्यात गेल्या असतील." तो खोटे बोलत नव्हता. जे नेहमी होते ते त्याने सांगितले.

मी पाठीने गाठी दाबून धरल्या होत्या. इथे आहेत, इथे आहेत. पुठ्ठ्याच्या पलीकडे तिची मांडी होती. त्या टाक्यांच्या आणि तिच्यामध्ये जाड कागदाएवढे अंतर.

तेवढ्यात डॉक्टरांचा हात वर आला. घशातून घरघर निघाली. तळहात उलटा, सुलटा, उलटा. इतक्या जोरात त्यांनी तो कधीच हलवला नव्हता.

"कूस बदलायचीय त्यांना," वहिनी डोळे पुसत म्हणाली आणि उठली. एकटीला ते झेपेना, तिच्या हातात बळच उरले नव्हते. ते बघून पाहुणीने मला बाजूला ठेवले, पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि डॉक्टरांच्या खांद्याला आधार दिला. दोघींनी मिळून त्यांना भिंतीकडे वळवले. तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. ते हुंदके देत होते. तिला वाटले, माणूस तिच्या दुःखाने रडतो आहे, आणि ते खोटेही नव्हते.

निघताना वहिनी म्हणाली, "हा तरी घेऊन जा."

बाईने मान हलवली. भाच्याने सांगितले, "मावशी म्हणते, राहू द्या तुमच्याकडे. नेला तर ती रोज त्या कापलेल्या कडेकडेच बघत बसेल. तुमच्यावर राग नाही म्हणते. तिच्या वडिलांनी जपलेला झेंडा तुम्हाला इतका चांगला फ्रेम करावासा वाटला, हेही पुष्कळ आहे."

तिने स्वतः मला उचलले, दोन्ही तळवे माझ्या पाठीखाली धरून, आणि खिळ्याला अडकवले. टाके तिच्या हातात होते, मित्रांनो. अगदी तिच्या हातात होते. मग तिने बंडीची घडी केली, पिशवीत ठेवली, आणि ती गेली.

त्या संध्याकाळी वहिनी डॉक्टरांच्या पलंगाशी बसून राहिली. "तुम्ही सांगत होतात," ती त्यांच्या पाठीला म्हणाली. "मी नुसती हं म्हणत होते." खूप वेळाने तिने दिवा लावला.

मध्यंतरी डॉक्टरांचा एक संग्राहक मित्र भेटायला आला. बँकेतून निवृत्त झालेला, बोलण्यात मोठा ऐटदार. काचेसमोर उभा राहून म्हणाला, "सूर्य मधोमध. हा आरमाराचा नव्हे. लष्कराचा, नाहीतर नकली. डॉक्टर फसले की हो."

"आरमाराचाच आहे," वहिनी म्हणाली. "सूर्य मी मध्ये आणलाय. त्याच्या जागी होता तो."

तो हसला. बायकांना यातले काय कळते, असे ते हसणे होते. त्यानेही मला उलटून बघितले नाही.

डॉक्टर अजून आहेत. तळहात आता क्वचितच हलतो, आणि हलला की वहिनी अजूनही त्यांची कूस बदलते. रोज सकाळी ती माझी काच पुसते, कडेशी थोडे जास्त वेळ. पाठ कधी पुसत नाही. फ्रेमची पाठ कोण पुसतो?

तर मित्रांनो, मोठ्यांना उपदेश करायला मी कोण? जुन्या वस्तूचे फाटके, वाकडे काही दिसले तर कात्री उचलण्याआधी कोणाला तरी विचारा, आणि विचारल्यावर नीट ऐका, एवढे मी तुम्हाला सांगू शकतो. पण खरे सांगायचे तर मला तुमच्याकडून शहाणपण नको आहे. मला एक काम करून हवे आहे. ती बाई वयस्कर आहे, फार दिवस थांबू शकणार नाही. तुमच्यापैकी कोणी डॉक्टरांची चौकशी करायला या घरात आलेच, तर आतल्या खोलीत या. वहिनी रागावणार नाही. खुर्चीवर चढून मला खिळ्यावरून काढा आणि टेबलावर पालथे घाला. मागे कागदाची एक पट्टी आहे. नखाने निघते.